टोकांचा निकाल

तपासणी रक्ताचा कॅन्सर किती वेगाने वाढतोय याची होती, पण विद्याधर कर्णिक परीक्षेला बसावं तसे आले होते. महिनाभर क्लास लावून, इंजेक्शनं टोचून घेऊन त्यांनी तपासणीत मोजली जाणारी गुणसूत्रांची टोकं लांब करून घेतली होती.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "अभिनंदन! टोकं लांब, म्हणजे आजार संथ. औषध फक्त आखूड टोकवाल्यांना मिळतं. तुम्ही दोन वर्षांनी या."

"अहो, ती टोकं मूळची नाहीत!" त्यांच्या पत्नी शैलाताई कडाडल्या. "मी सांगत होते, आहे तसं रक्त द्या. पण यांना मेरिटमध्ये यायचं होतं!"

"यंत्र मानतं तेच खरं, बाई."

कर्णिकांनी दबकत विचारलं, "पेपर पुन्हा तपासायला देता येतो का?"

शैलाताईंनी टेबलावर ठेवलेला पेढ्यांचा पुडा उचलून परत पिशवीत टाकला.