खोलीच्या मधोमध

"यात डग्गाच नाही," असं म्हणत श्रीपाद मास्तरांनी नव्या स्पीकरचं बटण आणखी पिळलं. दहा बाय दहाच्या खोलीत त्यांनी आपली खुर्ची टेपने मोजून अगदी मधोमध मांडली होती. तबला खणखणीत वाजत होता, डग्गा मात्र गायब.

कोपऱ्यातल्या खाटेवर मेथी निवडत बसलेली त्यांची बायको, कुमुदताई, वैतागली. "अहो, कमी करा. तुमचा डग्गा माझ्या पोटात वाजतोय."

"तुझे कानच नाजूक." महिनाभर हेच चाललं होतं. दुकानात खेपा घालून झाल्या होत्या, आता स्पीकर परत करायचे तेवढे उरले होते.

"एकदा इथे येऊन बसा तरी."

बायकोला खोटं पाडायचं म्हणून मास्तर तणतणत उठले, खाटेवर टेकले आणि दचकलेच. डग्गा असा घुमत होता की खिडकीची तावदानं थरथरत होती.

छोट्या खोलीत खर्जाचे सूर भिंतींवर आपटून मागे फिरतात, कोपऱ्यात साचतात आणि मधोमध एकमेकांना गिळून टाकतात. दाराच्या कडीला दोरी बांधून, ती हलवून हलवून, लाटांचा हाच धडा मास्तरांनी शाळेत जन्मभर शिकवला होता.

"म्हणजे स्पीकर चांगले आहेत," ते पुटपुटले.

कुमुदताई मेथीची जुडी घेऊन उठली आणि त्यांच्या खुर्चीत ऐसपैस बसली.

"घरात शांत जागा एवढी एकच होती," ती म्हणाली, "आणि तीच तुम्ही अडवून बसला होतात."