मागची बैठक

दोन जुन्या सायकलींचे सांगाडे जोडून विद्याधरांनी निवृत्तीनंतर जोडसायकल घडवली. हँडल आणि ब्रेक मात्र पुढेच ठेवले. मागे बसून त्यांची पत्नी शैला घाटातून पेडल मारत होती.

“अहो, थांबा ना! खाली घळीत नदी केवढी हिरवी दिसतेय.”

“साडेनऊला पुलावर थांबायचं ठरलंय. तू नुसती बसू नकोस, जोर लाव.”

धबधबा मागे पडला, कणसे भाजणारी मागे पडली. शैलाने आणखी दोनदा विनवले. पुलावर विद्याधरांनी ठरल्या मिनिटाला ब्रेक दाबला. ती उतरली ती थेट एसटीच्या थांब्यावर जाऊन बसली.

“अगं, दरीचा खरा देखावा तर पुढे आहे!”

“पुढे तुमची पाठ आहे. बत्तीस वर्षं तीच पाहतेय. मी एसटीने येते.”

ते तणतणत एकटेच निघाले. पहिल्याच चढावर पाय भरून आले, आणि इतका वेळ भार कोण ओढत होते ते त्यांना उमगले. ते धापा टाकत उभे असताना मागून एसटी आली. त्यांनी हात उंचावला. दरीकडच्या खिडकीत बसलेल्या शैलाची नजर नदीवरून हलली नाही.