खांदेमळणी

"मी न्हाई करायची तुमचं हरिण." गोजरबाईनं ओल्या मातीचा गोळा फळीवर आपटला.

शाळेच्या ओसरीत बायका पोळ्याचे मातीचे बैल करत बसल्या होत्या. औरंगाबादच्या एका संस्थेच्या अरुंधतीताई त्यांच्यातच मांडी घालून बसल्या होत्या. रानातली जनावरं वाचायची असतील तर आधी ती लोकांच्या हातून घडली पाहिजेत, असं संस्थेचं म्हणणं होतं. त्यासाठी ताई अंबड तालुक्यातली गावं फिरत. बैल करताच आहात, तर यंदा काळविटांची एक जोडीही करा, एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

"मूग पेरला तवा कोंब खाल्ले त्यांनी. आता शेंगा खाऊन राह्यले. आन् मी त्यांच्या मूर्ती करू?"

"नका करू, गोजरबाई. नुसत्या बसा."

नुसतं बसणं गोजरबाईला जमत नव्हतं. तोंडानं शिव्या चालू राहिल्या आणि खाली हात चालू राहिले. ताठ मान झाली. पीळदार शिंगं झाली.

"किती सुंदर झालीत," अरुंधतीताई म्हणाल्या.

"मंग न्या की औरंगाबादला. बांधा तुमच्या बागेत."

बायका हसल्या. गोजरबाई हसली नाही.

पोळ्यानंतर शाळेत प्रदर्शन होतं. तोवर सुकायला म्हणून तिनं काळविटं घरी नेली आणि आपल्या मातीच्या बैलांशेजारी पाटावर ठेवली. घरात खरे बैल उरले नव्हते. त्र्याण्णव साल होतं. नांगरट ट्रॅक्टरनं होऊ लागली होती. पण बैल विकले म्हणून पोळा चुकला नव्हता. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळायचे, उद्या जेवायला या म्हणून त्यांना आवतन द्यायचं, हे सासू सोनूबाई आता मातीच्या जोडीचं करायची. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीही त्या जोडीपुढंच ठेवायची.

यंदा त्या आदल्या संध्याकाळी गोजरबाईचा नवरा धर्मराज अंगणात घमेलं घेऊन बसला होता. ज्वारीच्या भरड्यात तो कपाशीवर फवारायचं औषध कालवत होता. वास नाकात झोंबत होता.

"बांधावर ठेवून येतो," तो म्हणाला. "उद्या सगळा कळप आडवा."

"ठेवा. एक बी उठला न्हाई पाहिजे."

गोजरबाई आत आली. सोनूबाई पाटापुढं बसली होती. तिला डोळ्यांनी दिसायचं बंद झालं होतं, ती बोटांनी बघायची. हातात हळद-तूप लावलेलं पळसाचं पान होतं.

"औंदा दोन जोड्या केल्या व्हय गं? बरं केलंस. घर भरल्यावाणी वाटतंय. अन् ह्यांची शिंगं केवढी लांब! खिलारी का? बेगड बी गुंडाळली की शिंगांला."

बैलांचे खांदे पिवळे झाले होते. काळविटांचेही.

"आत्याबाई, ते बैल न्हाईत..."

पण म्हातारी हात जोडून पाटाला सांगत होती, "आज आवतन, उद्या जेवाया या."

गोजरबाई जागच्या जागी उभी राहिली. मग तरातरा अंगणात आली आणि तिनं घमेल्याला हात घातला.

"द्या इकडं."

"का?"

"आत्याबाईनं आवतन दिलं त्यांला."

"कुणाला? हरणांला?" धर्मराज हसला. "मातीची हायेत ती. येडी झाली का?"

"आन् आपले बैल कशाचे हायेत?"

धर्मराजचं हसू गेलं. "सगळा मूग जाईल. मंग रडू नको."

"जाऊ द्या. आवतन देऊन ताटात इख वाढू का मी?"

तिला अरुंधतीताईंचा राग आला होता, म्हातारीचा आला होता, आणि कुणी न सांगता नीट शिंगं वळणाऱ्या स्वतःच्या बोटांचा सगळ्यात जास्त आला होता. तिनं परसात खोल खड्डा केला, घमेल्यासकट सगळं त्यात लोटलं आणि वरून माती पायानं ठोकली.

पोळ्याला दुपारी पाटावर पुरणपोळी ठेवून ती एकटीच रानात गेली. कळप मुगात होता. बांधावर चढून तिनं गोफणीत दगड भरला आणि गोफण डोक्याभोवती गरगर फिरवली. पुढच्या काळविटानं मान वर केली. त्याच्या तोंडात मुगाची शेंग होती. तो सावकाश चावत राहिला.

गोफण हळूहळू थांबली. दगड तिच्या पायाशी पडला.

"जेवा, मेल्यांनो," ती ओरडली. "उद्याचं आवतन न्हाई."