आवाज जरा कमी ठेवा

शेजारच्या खोलीतून रोज हाणामारीचे, किंकाळ्यांचे आवाज यायचे आणि रुपालीचं तान्हं बाळ दचकून उठायचं. शेवटी ती सांगायला गेलीच.

"सॉरी हां वहिनी," रणजीत हसला. "विलायती कार्टून आहे ते. घाणेरडे जोक, नुसती डोकी फोडाफोडी! आमच्या पूनमला त्याशिवाय घास उतरत नाही. काय गं?"

टीव्हीपुढे बसलेल्या त्याच्या बायकोने, पूनमने मान हलवली. एवढ्या मोठ्या बाईने असलं काय बघायचं, असं पुटपुटत रुपाली परतली.

गुरुवारी रणजीतच्या कंपनीला सुट्टी आणि सकाळपासून अख्ख्या गल्लीची लाईट गेलेली. टीव्ही बंद, आज तरी बाळ निवांत झोपेल, म्हणून ती त्याला थोपटत होती.



तेवढ्यात पलीकडून भिंतीवर धाडकन काहीतरी आदळलं. "अहो, नका ना... डोकं नका आपटू!"