शंभूचा अबोला

शंभूने सोलकढीची वाटी ओठांना लावली, एक घोट घेतला, डोळे गच्च मिटले आणि वाटी तशीच खाली ठेवली. पुढ्यातल्या सुंगटांच्या हुमणाला, कोळंबीच्या त्या कालवणाला, तर त्याने हातही लावला नाही.

सत्यवतीने ते पाहिलं आणि ती सासूकडे वळली. "आई, विचारा त्यांना. जेवायचं नसेल तर मांजराला घालू का?"

"शंभू, मांजराक घालू काय?" मालतीबाईंनी मुलाला विचारलं.

शंभू दोघींच्या मधेच बसला होता. त्याला दोन्ही वेळा ऐकू आलं. तो तोंडाशी पंचा धरून नुसता बसून राहिला.

अबोल्याचा तो पाचवा दिवस होता.

शंभू वीज खात्यात लाइनमन. खांबावरून खाली ओरडायची सवय, त्यामुळे अख्ख्या मये गावात त्याच्याइतक्या जोरात आरती म्हणणारा दुसरा कोणी नव्हता. गणेश चवथीच्या दिवसांत तो घुमट हे मातीचं वाद्य वाजवत वाड्यावर घरोघर फिरला. रविवारी शेवटच्या आरतीला सत्यवतीचे भाऊ पेडण्याहून आले होते. त्यांच्यादेखत ती हसत म्हणाली, "ह्यांच्यापेक्षा पाव घेऊन येणाऱ्या पोदेराचा भोंपू सुरात वाजतो." सगळे पोट धरून हसले. शंभूने घुमट खाली ठेवलं आणि तेव्हापासून तो बायकोशी एक शब्द बोलला नाही.

सत्यवतीही काही कमी नव्हती. बोलायचं असेल तेव्हा बोलतील, म्हणाली. मग घरातले सगळे निरोप सासूमार्फत जाऊ लागले. मालतीबाईंना ही कामगिरी मनापासून आवडली. "ह्याचो बापूस माझ्याशी अकरा दिवस बोलूक नाय," त्या शेजारणींना सांगत. "शंभूचे आता खंय पाच झालेत."

त्यामुळे कोणाला काही वावगं वाटलं नाही. मंगळवारी तो आईशीही तुटक बोलू लागला, तेव्हा सत्यवतीला वाटलं राग वाढला. बुधवारी त्याने रजा टाकली आणि नुसत्या खुणा सुरू केल्या. राग आणखी वाढला. गुरुवारी जेवण बंद. "आता उपोषणाला बसलेत," तिने भावाला फोनवर सांगितलं आणि दोघं पुन्हा हसली. शुक्रवारी मात्र ती स्वतः बाजारात जाऊन सुंगटं घेऊन आली. माफी मागायचा तिचा विचार नव्हता. पण सुंगटांच्या हुमणाने शंभू विरघळतो, हे तिला बारा वर्षांत कळून चुकलं होतं.

आणि खरंच, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

मालतीबाईंनी सुनेला कोपराने डिवचलं. "रडता बघ गो!"

सत्यवतीला भरून आलं. ताट पुढे सरकवताना तिचा हात त्याच्या मनगटाला लागला आणि तिने तो चटका बसल्यासारखा मागे घेतला. अंग तापाने फणफणलं होतं. तिने पंचा ओढला. तो लाळेने चिंब झाला होता. मानेची डावी बाजू सुजून टणक झाली होती, आणि बसल्या जागी त्याला धाप लागली होती.

"तोंड उघडा बघू," ती म्हणाली.

"बोलली!" मालतीबाईंनी टाळीच वाजवली. "पयली तीच बोलली!"

शंभूने तोंड उघडलं. एक बोट जेमतेम जाईल एवढंच. त्यापुढे जबडा हलेना.

"आई, हा अबोला नव्हे!" सत्यवती किंचाळली. "ह्यांना बोलताच येत नाहीय!"

डिचोलीच्या डॉक्टरांनी घशात बॅटरी मारायचा प्रयत्न केला आणि लगेच रुग्णवाहिका बोलावली. बांबोळीच्या इस्पितळात त्याच दुपारी शंभूला शस्त्रक्रियेसाठी आत नेलं. टॉन्सिलच्या मागे पू झाला होता. तो मानेत उतरला होता. मानेतल्या शिरेत रक्ताची गुठळी धरली होती आणि तिचे तुकडे फुप्फुसात पोचले होते.

"साध्या घसादुखीतून असं क्वचितच होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण होतं तेव्हा माणूस हातचा जातो. उद्या आणलं असतं तर मी काही सांगू शकले नसते."

आठ दिवस शंभूच्या घशात श्वासाची नळी होती. आठ दिवस सत्यवती अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर होती. जो भेटेल त्याला ती रडत सांगायची, "माणूस मरत होता, आणि मी त्याचं ताट मांजराला घालायला निघाले होते." मालतीबाईंनी अकरा दिवसांची गोष्ट सांगणं बंद केलं.

नळी निघाल्यावर दोन दिवसांनी शंभूला वॉर्डात आणलं. सत्यवती त्याच्या पायाशी बसली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "तुमचा आवाज गेला होता आणि मी त्याला राग समजले. चुकलं माझं." शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या बाईने डोळ्यांना पदर लावला. शंभू छताकडे पाहत राहिला.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. "घसा दुखायला कधी लागला?"

"सोमवारी सकाळी," शंभू घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"आणि बोलणं बंद कधी झालं?"

"बुधवारी."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "म्हणजे दोन दिवस बोलता येत होतं. मग बायकोला सांगितलं का नाही?"

शंभूने उशी सारखी केली.

"निदान आईला तरी?"

"आई लगेच हिला सांगते," शंभू म्हणाला.

"मग? सांगू दे की!"

शंभूने सत्यवतीकडे पाहिलं, मग चादरीकडे. "म्हणजे पहिला मीच बोलल्यासारखं झालं असतं ना."