लाल दारावरची वटवाघळं

बाहेरून दारावर काहीतरी खरखरल्याचा आवाज आला, तेव्हा दुपार कलली होती आणि रॉस हॅलोरन अजून रात्रीच्याच कपड्यांत होता. त्याने दार उघडलं. ओसरीवर ऐंशीच्या घरातली एक बाई उभी होती. मनगटावर चिकटपट्टीचे तुकडे, हातात काळ्या कागदाचं वटवाघूळ.

"दार लाव आधी," ती म्हणाली. "उघड्या दारावर कसं चिकटवू मी?"

"आजी, काय चाललंय हे?"

"दिसत नाही? हॅलोविन तोंडावर आलंय आणि माझं दार अजून भुंडं!"

"तुमचं दार?"

"नाहीतर काय तुझं? माझ्या नवऱ्यानं, क्लेटननं, स्वतःच्या हातानं हिरवा रंग दिला होता याला. लाल कुणी केला देव जाणे. तू कामाला आलायस ना? मग शिडी आण."

लाल रंग त्याच्या बायकोने, मेलिंडाने निवडला होता, हे घर घेतलं त्या वर्षी. रॉसने दार खरवडलं तेव्हा खालून पांढरा रंग निघाला होता. हिरव्याचा पत्ता नव्हता. पण या वयात कुणाला काय काय आठवत असेल, म्हणून तो गप्प बसला. त्याचा हात खिशातल्या फोनकडे गेला. पोलिसांना कळवावं का?

"माझी नात ब्रिन येतेय," बाई म्हणाली. "मला बाजारात न्यायला. तोवर उभा काय राहतोस खांबासारखा? मला ऑगस्टा म्हणतात. शिडी!"

रॉस शिडी घेऊन आला. नात येईपर्यंतचाच प्रश्न होता.

ऑगस्टा पायरीवर बसून कागद दुमडत होती, कापत होती आणि तो तिच्या हुकमाप्रमाणे चिकटवत होता.

"एका रांगेत नको रे! वटवाघळं आहेत ती, शाळेतली पोरं नव्हेत. उडू देत की वाकडीतिकडी."

त्याने वाकडीतिकडी उडवली. मग तिने पायरीशी आणून ठेवलेली मक्याची वाळलेली ताटं दाराच्या दोन्ही बाजूंना बांधून घेतली. कापूस पिंजून त्याची कोळ्याची जाळी केली.

"आता भूत. पांढरा अभ्रा आण एखादा जुना. कपाट जिन्याखालीच आहे ना?"

कपाट वर होतं, झोपायच्या खोलीत. मेलिंडा गेली तेव्हापासून, म्हणजे एप्रिलपासून, त्याने ते उघडलंच नव्हतं. तो कपाटासमोर बराच वेळ थांबला. मग उघडलं. तिच्या उशीचा अभ्रा सगळ्यात वरच होता. त्याने तो नाकाशी धरला. नुसता साबणाचा वास आला. तो अभ्रा घेऊन तो खाली आला.

ऑगस्टाने अभ्र्यात कागदाचे बोळे भरले, गळ्याशी सुतळी आवळली आणि जाड काळं पेन त्याच्या हातात दिलं.

"तोंड काढ."

त्याने काढलं.

"अगं बाई! हे भूत आहे की दात दुखणारा म्हातारा? भुतानं इतकं रडायचं नसतं. मुलांना घाबरवायला आलंय, सांत्वनाला नाही. परत कर."

रॉसला हसू आलं. स्वतःचंच हसणं त्याच्या कानाला परकं वाटलं. त्याने दुसऱ्या बाजूला नवं तोंड काढलं, या कानापासून त्या कानापर्यंत हसणारं.

तेवढ्यात शेजारच्या दोघी बहिणी सायकलवरून जाता जाता थबकल्या. गेल्या काही महिन्यांत त्या त्याच्या घरासमोरून मान खाली घालून जायच्या.

"मिस्टर हॅलोरन," मोठी म्हणाली, "या वर्षी तुमच्याकडे चॉकलेटं मागायला यायचं का? आई म्हणाली, त्यांना त्रास नका देऊ."

हॅलोविनच्या रात्री दिवे मालवून भावाकडे टोलेडोला निघून जायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं. भावाला तसं कळवलंही होतं.

"या," तो म्हणाला. "आईला सांगा, मी घरीच आहे."

"मोठी चॉकलेटं देणार की ती चिमुकली?"

"मोठी."

ब्रिनची गाडी आली तेव्हा ऑगस्टा रस्त्यावर उभी राहून दाराकडे बघत होती. रॉसने ब्रिनला बाजूला घेतलं.

"आजींना हे त्यांचंच घर वाटतं," तो हळूच म्हणाला. "वाटू दे. मी काही बोललो नाही. ख्रिसमसलाही आणा त्यांना, अगदी जरूर आणा."

"फार चांगले आहात तुम्ही," ब्रिन म्हणाली आणि घाईने गाडीत जाऊन बसली.

रॉस ओसरीवरून हात हलवत राहिला. गाडी वळली, तसा ऑगस्टाने सीटचा पट्टा लावला आणि चष्मा पुसायला घेतला.

"आता बघ हं, शाळेची बस चालवताना तुला रोज दिसणारे ते बंद पडदे," ती म्हणाली. "सोमवारी उघडलेले दिसले नाहीत तर सांग मला. उद्या कोण आहे?"

"चर्चमागचे ते निवृत्त मास्तर. मुलगा दूर गेल्यापासून घराबाहेर पडत नाहीत. पण आजी, ते फार चौकस आहेत हं. त्यांना काय सांगशील?"

ऑगस्टाने चष्मा नाकावर चढवला.

"त्यांच्या घरात माझा जन्म झाला म्हणून सांगेन."