फोटो उघडणा नाय

मिठबावात पार्वतीकाकींच्या घरी रेंज यायची ती फक्त पडवीच्या टोकाला, तीही जेमतेम. पुण्याहून मुलाने, रविराजने, नातीचा फोटो कितीही लहान करून पाठवला तरी नुसतं चक्र फिरत राहायचं आणि पडद्यावर धुरकट डाग दिसायचा. मग काकी मिस्ड कॉल द्यायच्या. रविराज फोन करून सगळा फोटो तोंडी सांगायचा, "आये, आयक. दिव्याचो फुडचो दात पडलो, तरी हसता बघ. हातात तू धाडलेली आंबापोळी आसा." त्या ओघात आईच्या गुडघ्यांची चौकशी व्हायची, माडांची व्हायची.

दिवाळीत गावात टॉवर उभा राहिला. आता फोटो आल्याबरोबर लख्ख उघडतो. त्यामुळे फोन करून सांगण्यासारखं रविराजकडे काही उरलं नाही.

आजच्या फोटोत दिव्या नऊवारी नेसून उभी होती. काकींनी चष्मा पुसून फोटो मोठा केला, अगदी नथीचा लाल खडासुद्धा डोळे भरून पाहिला. मग मिस्ड कॉल दिला.

लगेच फोन वाजला.



"रविराजा, फोटो उघडणा नाय रे. काय आसा त्यात, सांग माका."